साक्षीला बोलावणं

“सचिवांना बोलवायचं. कलेक्टरांना बोलवायचं. आणि डबे ज्या गोदामात पडून होते त्याची किल्ली ज्याच्याकडं होती, त्यालाही बोलवायचं. यात चर्चा कसली करायची?”

एवढं बोलून हणमंतराव कौठेकर पाणी प्यायले आणि ग्लास जागच्या जागी ठेवून आमच्याकडं बघत बसले.

ते आमच्या समितीचे प्रमुख. सत्ताधारी पक्षाचे, सहा वेळा निवडून आलेले, पंच्याहत्तरीला टेकलेले. आवाज चढवून बोलताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं. मी विरोधी बाकावरची, शाळेतली नोकरी सोडून पहिल्यांदाच निवडून आलेली, आणि समितीत एकटीच बाई. मला त्यांनी पहिल्या बैठकीपासून आपल्या डाव्या हाताला बसवलं होतं. “इथं बसा खंदारेबाई,” म्हणाले होते, “मागं बसलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही.”

विधान भवनातली ती खोली इतकी थंड असायची की मी बैठकीला शाल घेऊन जायची. त्या दिवशी मला थंडी जाणवलीच नाही, कारण विषय माझ्या तालुक्याचा होता.

आदल्या पावसाळ्यात नदी फुगली आणि आसरखेड तालुक्यातली काठाची सगळी गावं वाहून गेली. लोक छावणीत आले. बातम्या बाहेर गेल्या, आणि उत्तरेकडच्या एका लांबच्या देशानं मदत पाठवली. तंबू, पांघरुणं, औषधं आणि तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडर. मदत वेळेवर आली, पहिल्याच आठवड्यात. पण पावडरीचं वाटप मंत्र्यांच्या हस्ते करायचं ठरलं, आणि मंत्र्यांची तारीख मिळेना. तोवर डबे खताच्या गोदामात टाकले. तिथं युरियाची पोती, फवारणीची औषधं आणि भिंतींना गुडघाभर चढलेली ओल. तारीख मिळाली ती दिवाळी उलटून गेल्यावर. मांडव पडला, फलक लागला, फोटो निघाले. त्याच आठवड्यात छावणीतली तान्ही मुलं ओकायला लागली. किती गेली, याचा आकडा सरकारचा वेगळा आणि बायकांचा वेगळा.

सरकारनं सांगितलं, पाणी दूषित होतं. त्या देशाच्या लोकांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

कौठेकर साहेब छावणीत आले होते. ना ताफा, ना पत्रकार. माझ्या जीपमधून आले आणि ताडपत्रीवर बायकांसमोर मांडी घालून बसले. चंद्रकला नावाची एक पोर होती, विशीतली. तिचं पहिलंच मूल गेलं होतं. तिनं उरलेल्या डब्यातली चमचाभर पावडर त्यांच्या तळहातावर टाकली. त्यांनी वास घेतला. मग म्हणाले, “पोरी, मी विचारतो त्यांना.”

तर आता विचारायची वेळ आली होती. अधिकाऱ्यांना समितीपुढं साक्षीला बोलवायचं की नाही, यावर मत घ्यायचं होतं. माझ्यासह तिघं बोलवा म्हणणारे होते, तिघं नको म्हणणारे. बरोबरी झाली की प्रमुखांचं मत निर्णायक. म्हणजे अधिकारी येणार हे ठरल्यातच जमा होतं.

“हणमंतराव, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत,” गुलाबराव तिडके म्हणाले. ते कौठेकरांच्याच पक्षाचे, त्यांच्याच वयाचे, आणि बैठकीत बहुतेक वेळ डोळे मिटून बसणारे. “पुढच्या महिन्यात त्याच देशाच्या पैशातल्या दवाखान्याच्या करारावर सह्या व्हायच्यात. मोठं काम आहे. आपण इथं सचिवांना उभं केलं की उद्या पेपरात येणार. ते लोक म्हणतील, ठेवा तुमचा दवाखाना.”

“गुलाबराव, मी दात मोजत नाही. गाय धडधाकट आली होती. ती मधे कुठं बांधून ठेवली आणि तिला काय खायला घातलं, एवढंच विचारतोय.”

आम्ही दोघंतिघं हसलो. तिडकेही हसले. जयदेव बारलिंगे मात्र हसला नाही. तो कौठेकरांच्या उजव्या हाताला बसून पेनाचं टोपण काढत-घालत होता.

जयदेवबद्दल सांगायला हवं. त्याचे वडील कौठेकरांची गाडी चालवायचे आणि त्याच गाडीत अपघातात गेले. पोरगं तेव्हा शाळेत होतं. साहेबांनी त्याला घरी आणलं, आपल्या मुलाच्या, विनायकच्या बरोबरीनं वाढवलं, शिकवलं, वकील केलं आणि स्वतः फिरून निवडून आणलं. तो त्यांना काका म्हणायचा. अलीकडं जिना चढताना त्यांच्या कोपराला हात लावायचा, गाडीचं दार उघडायचा, जेवणात मीठ कमी आहे का ते आधी स्वतः चाखून बघायचा. बघणाऱ्याला बरं वाटायचं. येत्या विस्तारात त्याला राज्यमंत्री करणार, अशी कुजबुज होती.

“काका,” जयदेव म्हणाला, “मत घेण्याआधी माझी एक विनंती आहे.”

“बोल की.”

“ठराव नेमका काय आहे, तो एकदा आपल्या तोंडून ऐकावा म्हणतो. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यांना आपण बोलावतोय. उद्या कुणी म्हणायला नको, की प्रमुखांना विषयच नीट माहीत नव्हता.”

असं म्हणत त्यानं त्यांच्या पुढ्यातले कागद स्वतःकडं ओढून घेतले. जेवण झालेल्या माणसासमोरचं ताट उचलावं तसे, हलक्या हातानं.

मी म्हणाले, “असा काही नियम नाही.”

“नियम नाहीच आहे, ताई. विनंती आहे.”

“सांगतो की,” कौठेकर म्हणाले. ते सरसावून बसले. “परदेशातनं मदत आली. वेळेवर आली. ती लोकांपर्यंत गेली नाही. का गेली नाही, हे विचारायचं आहे. पंप आले होते, चांगले पंप. विहिरी खणून तयार होत्या, आणि पंप आपले तालुक्याच्या कचेरीत...”

ते थांबले. पंप आणि विहिरी ही भूकंपानंतरच्या मदतीची गोष्ट. तेव्हा ते प्रथम निवडून आले होते आणि मी शाळेत जात होते.

“साहेब, दूध पावडर,” मी हळूच म्हणाले.

“मला माहीत आहे, बाई,” ते माझ्यावरच खेकसले.

“ताई, त्यांना बोलू द्या ना,” जयदेव म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. “काका, पंपांचं काम होऊन गेलं. फार जुनी गोष्ट झाली. आज आपण कशासाठी बसलोय?”

कौठेकरांनी कपाळावरून हात फिरवला. समोर बसलेल्यांकडं एकेक करून पाहिलं. मग एकदम चेहरा उजळला. “मुलांसाठी,” ते म्हणाले. “त्या छावणीतल्या मुलांसाठी. त्या पोरीनं माझ्या हातावर पावडर दिली. वास अजून नाकात आहे माझ्या.”

त्यांना आठवलं होतं. पुढचं सगळं आता ते सांगणार, अशी माझी खात्री झाली. तिडक्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, “चला, घ्या मग मत.”

“एक मिनिट, गुलाबराव,” जयदेव म्हणाला. त्यानं खुर्ची थोडी कौठेकरांकडं वळवली. “काका, मुलांवरून आठवलं. आपला विनायक कुठं असतो हल्ली?”

खोलीत कुणीतरी कप ठेवत होतं, ते तसंच थांबलं.

“पुण्याला,” कौठेकर म्हणाले. “तुला माहीत नाही होय? रविवारी यायचाय. तुझी काकू अनारसे करणार आहे त्याच्यासाठी. ये की तूही.”

विनायक जाऊन चार वर्षं झाली होती. कावीळ पोटात उतरली आणि आठ दिवसांत माणूस गेला. मी तेव्हा राजकारणात नव्हते, तरी मला ठाऊक होतं. समोर बसलेली माणसं तर त्याच्या मातीला गेली होती.

मी जयदेवकडं पाहत होते. मला वाटलं, तो आता विषय बदलेल. त्याला हवं होतं ते झालं होतं. माणूस ताळ्यावर नाही, हे सगळ्यांना दिसलं होतं.

“काका,” तो म्हणाला, “विनायक गेला. चार वर्षं झाली. तुम्हीच अग्नी दिलात. मी तुमच्याशेजारी उभा होतो.”

“असं बोलू नये रे,” कौठेकर म्हणाले. ते थोडं हसलेही. मग त्यांनी तिडक्यांकडं पाहिलं. तिडके समोरच्या बशीतल्या काजूंकडं बघत होते. त्यांनी दुसऱ्याकडं पाहिलं, तिसऱ्याकडं पाहिलं. नाही म्हणणारं कुणीतरी ते शोधत होते. शेवटी माझ्याकडं वळले.

“बाई, हा काय म्हणतोय?”

हो म्हणणं शक्य नव्हतं, नाही म्हणणंही शक्य नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की हे पुढं गेलं तर मत होणार नाही. मी म्हणाले, “साहेब, आधी मत घेऊ. तुम्ही फक्त हात वर करा.”

त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही पंजे टेबलावर पालथे ठेवले आणि विचारलं, “मला कुणी सांगितलं कसं नाही?”

त्यानंतर जे झालं ते रडणं होतं, पण आवाज नव्हता. तोंड उघडं, मान मागं गेलेली, आणि श्वास आत जाऊन अडकलेला. मुलगा गेल्याचं त्यांना त्या क्षणी कळत होतं. सहा आमदार, चहाचे कप आणि टिपणं घेणारे कर्मचारी यांच्यासमोर.

जयदेव लगेच उठला. त्यानं त्यांना छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. “काका, मी आहे ना,” म्हणत राहिला. मग काखेत हात घालून उभं केलं आणि हळूहळू बाहेर घेऊन गेला.

दार लागलं. मी म्हणाले, “मत घ्या.”

सगळे दाराकडं बघत होते.

“ज्येष्ठ सदस्य म्हणून गुलाबराव, तुम्ही खुर्चीवर बसा आणि मत घ्या. आम्ही तिघं आहोत. घ्या मत.”

माझ्याच पक्षाचे दळवी माझ्या बाजूनं मत देणार होते. ते म्हणाले, “ताई, माणुसकी नावाची काही गोष्ट असते. म्हातारा बाहेर रडतोय आणि तुम्हाला मताचं पडलंय.”

“आणि ती मुलं?”

“ती काय आता परत येणारेत?” तिडके म्हणाले. त्यांनी डोळे पुसले. खरोखरच पुसले. “आजचा विषय तहकूब. पुढच्या बैठकीत बघू.”

मी जिन्यानं खाली गेले. जयदेव कौठेकरांना गाडीत बसवून परत येत होता. सदऱ्यावर, खांद्याशी, ओला डाग होता.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“काकूंनीच सांगितलं. सहाएक महिने झाले. रोज सकाळी विनायक कुठाय म्हणून विचारतात, आम्ही पुण्याला आहे म्हणून सांगतो. मला म्हणाल्या, जयदेव, बाहेर सांभाळून घे रे. घेतलंच ना इतके दिवस.”

“मग आज?”

त्याला राग आला नव्हता, लाजही वाटली नव्हती. कोर्टात मुद्दा समजावून सांगावा तसं त्यानं सांगितलं.

“ताई, दुसरं काहीही विचारलं असतं तरी त्यांनी सावरून नेलं असतं. तुम्ही पाहिलंत ना, छावणीचं बरोबर आठवलं. मुरलेला माणूस आहे. विनायकचं एकच असं होतं की ज्यातून त्यांना वर येता येणार नव्हतं.”

“त्यांनी तुम्हाला मुलासारखं वाढवलं.”

“हो. म्हणून तर मला माहीत होतं, नक्की काय विचारायचं ते.” त्यानं लिफ्टचं बटण दाबलं. “आणि जीवाला लावून घेऊ नका. उद्या सकाळी ते विसरलेले असतील. लक्षात काय ते तुम्हाआम्हालाच ठेवायचंय.”

पुढची बैठक झाली तेव्हा प्रमुखांच्या खुर्चीवर जयदेव होता. प्रकृतीच्या कारणावरून कौठेकरांनी राजीनामा दिला, असं वाचून दाखवण्यात आलं. साक्षीचा विषय मी तीनदा मांडला. एकदा वेळ संपली, एकदा गणसंख्या भरली नाही, आणि तिसऱ्यांदा दळवींनीच सुचवलं की दवाखान्याचा करार होऊ द्यावा, मग बघावं.

करार झाला. त्या देशाचे पाहुणे आसरखेडला आले, त्यांना फेटे बांधले. जयदेव तोवर राज्यमंत्री झाला होता. भाषणाच्या सुरुवातीलाच त्यानं कौठेकर काकांचं नाव घेतलं आणि रुमालानं डोळे टिपले. कलेक्टर पुढच्या रांगेत होते. त्यांनीही रुमाल काढला. मांडवाच्या कडेला बायकांत चंद्रकला उभी होती. तिनं मला गाठून विचारलं, “ताई, ते बाबा नाही आले? विचारतो म्हणाले होते.”

“आजारी आहेत,” मी सांगितलं.

कौठेकरांकडं जायला माझं मन धजत नव्हतं. दोन वर्षं अशीच गेली. मग निवडणूक आली, आणि प्रचाराच्या निमित्तानं मी त्यांच्या गावावरून जात होते. घर रस्त्यावरच होतं. गाडी थांबवली.

प्रमिलाकाकूंनी दार उघडलं. मला त्यांनी लगेच ओळखलं, पण आत या म्हणाल्या नाहीत. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण तेवढ्यात आतून आवाज आला, “कोण आहे?”

ते खिडकीजवळ आरामखुर्चीत बसले होते. अंगानं निम्मे झालेले, पण धोतर परीटघडीचं आणि दाढी केलेली. समोर भिंतीवर फिक्या रंगाचा एक चौकोन होता. तिथला फोटो काढून टाकलेला दिसत होता.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागं घेतले.

“ह्यांना मी ओळखतो,” ते काकूंना म्हणाले. “ह्या त्या खंदारेबाई.”

माझं नाव त्यांना आठवलं, याचा मला इतका आनंद झाला की पुढचं ऐकायला मी तयारच नव्हते.

“ह्याच बाई. मी तुला सांगत असतो ना, त्या. भर बैठकीत माझ्या तोंडावर म्हणाल्या, विनायक गेला म्हणून. अधिकाऱ्यांना बोलवायचं नव्हतं ह्यांना. माझ्या शेजारी बसायच्या, मी बसवलं होतं. आणि मला म्हणतात, विनायक गेला, आता हात वर करा.” त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. “जयदेव होता म्हणून वाचलो मी त्या दिवशी. त्यानं मला पोटाशी धरलं. घरी आणलं. अजून येतो दर पंधरवड्याला. पोटच्या पोरासारखा.”

जयदेव म्हणाला होता, सकाळपर्यंत विसरतील. विसरले नव्हते. प्रसंग त्यांच्या मनात तसाच राहिला होता, फक्त माणसांची अदलाबदल झाली होती. कुणाच्या तरी छातीची ऊब आठवत होती आणि हात वर करा म्हणणारा एका बाईचा आवाज आठवत होता. उरलेलं त्यांनी त्याप्रमाणे जुळवून घेतलं होतं.

“साहेब,” मी म्हणाले, “ते मी नव्हते म्हणाले.”

“मग कोण म्हणालं?”

मी काकूंकडं पाहिलं. त्या त्यांच्या खुर्चीमागं उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. ते मला त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली, नाही म्हणून. मग त्याच हातानं दोन बोटांत दाखवलं, एवढंसंच आयुष्य उरलंय. त्यांचा एक मुलगा गेला होता. दुसरा पंधरवड्याला येत होता, नवऱ्याला घास भरवत होता.

“कोण म्हणालं, सांगा ना,” कौठेकर म्हणाले.

“मीच म्हणाले, साहेब.”

“मग आज कशाला आलात? माफी मागायला?”

“हो.”

डोळ्यांतला राग हळूहळू उतरला आणि त्या जागी त्यांचा तो जुना, बैठकीतला चेहरा आला.

“माझी कशाला मागता?” ते म्हणाले. “माझा पोरगा पुण्यात खुशाल आहे. बाई, ज्यांची गेली त्यांच्याकडं जा.”